चिमीच्या दंडावरचा खड्डा

माझ्या आईला खड्डा बघवत नसे. साच्यात माती दाबताना कुठे ना कुठे हवा अडकायचीच, आणि मूर्ती बाहेर निघाली की सोंडेच्या वळणाखाली किंवा पोटाच्या घडीत एखादा बारीक खळगा दिसायचा. हमरापूरला आमच्या घराला लागूनच पत्र्याची लांबट शेड होती, तिलाच आम्ही कारखाना म्हणायचो. तिथे हे खळगे बुजवायचं काम आईचं. शाडू पाण्यात दाट कालवून ती एका फुटक्या वाडग्यात ठेवायची आणि त्याला पेज म्हणायची. अंगठ्याने पेज भरायची, ओल्या फडक्याने पुसायची, सुकलं की पॉलिश पेपर घासायची. सकाळी डोळे उघडायच्या आधी माझ्या कानावर पडायचा तो हाच खर्र खर्र आवाज. शेडच्या दुसऱ्या टोकाला बाबा डोळ्यांची आखणी करायचे. आखणी सुरू झाली की रेडिओ बंद, बोलणं बंद, चुलीवरच्या चहाला उकळी आली तरी कोणी उठायचं नाही. बाबांचा ब्रश उचलला गेला की सगळी शेड एकदम श्वास सोडायची.

त्या घरात शाडू हेच औषधही होतं. गांधीलमाशी चावली, शाडू. भाकरी भाजताना चटका बसला, शाडू. लहानपणी माझ्या पायावर उकळता डिंक सांडला, तेव्हा आईने घोट्यापासून बोटांपर्यंत शाडू लिंपून मला मूर्तीसारखं पाटावर बसवून ठेवलं होतं, आणि त्या गारव्याने मी रडता रडता झोपले होते. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे जे झालं ते अडाणीपणाने झालं असं म्हणून मोकळं होणारे लोक मला भेटले आहेत, आणि मला त्यांचा राग येतो. आईचा त्या मातीवर विश्वास होता, कारण त्या मातीने तिला कधी फसवलं नव्हतं.

मी नर्सिंगला गेले ती सुमन सिस्टरमुळे. सुमन सिस्टर आमच्या गावाची नर्स. महिन्यातून एकदा मराठी शाळेच्या पडवीत बसून ती मुलांना लस टोचायची. त्या वेळी काचेच्या सिरिंजा होत्या. त्या आणि सुया ती एका जाड कुकरमध्ये वाफवून आणायची, आणि चिमट्याने एकेक उचलून लावायची. मी शाळेत असताना ते बघत उभी राहायचे. प्रत्येक मुलाला नवी सुई, वापरलेली वेगळ्या भांड्यात. हात चुकून सुईला लागला तर ती सुई बाजूला, मग समोर कितीही रांग असो. मी दहावी पास झाले तेव्हा आमच्या घराण्यात दहावी पास झालेलं कोणीच नव्हतं. बाबा म्हणाले, आता आखणी शीक. सुमन सिस्टर संध्याकाळी कारखान्यात आली, मूर्तींच्या मधून साडी सावरत बाबांपर्यंत पोचली आणि म्हणाली, "हिचा हात स्थिर आहे, ते तुमचंच देणं. पण तो मला द्या." रोह्याच्या प्रशिक्षणाचा अर्जही तिनेच आणून दिला. पुढे नोकरी करत करत मी पदवी घेतली, तेव्हा पेढे घेऊन पहिल्यांदा गेले ते तिच्याच घरी.

रोह्याचं वसतिगृह म्हणजे एक लांब खोली, ओळीने लोखंडी खाटा, आणि खिडकीतून येणारा धाटावच्या कंपन्यांचा वास. शिफ्ट सुटली की कामगारांच्या बसेस घरघरत जायच्या आणि खिडकीच्या काचा थरथरायच्या. मला तिथे बसवत नसे. घरी शेडमध्ये हात सतत चालायचे, इथे संध्याकाळी हात रिकामे. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचे आणि मैत्रिणी चिडवायच्या, "शैले, बस गो जरा, फरशी झिजंल." आमटी इतकी पातळ की ताटाचा तळ दिसायचा. घरून आणलेले पोह्याचे पापड आणि सुकटीची चटणी यांवर आम्ही दिवस काढायचो. पण शिकवणाऱ्या बाई उत्तम होत्या. टोचण्याआधी मूल आजारी आहे का विचारायचं, मागच्या वेळी काय त्रास झाला होता ते विचारायचं, टोचल्यावर आईला अर्धा तास बसवून ठेवायचं, आणि घरी गेल्यावर काय होईल ते आधीच सांगायचं. बाई म्हणायच्या, "ताप येणार हे तुम्ही सांगितलं तर तो लसीचा ताप. नाही सांगितलं तर तो तुमचा ताप." ते वाक्य मी नंतर किती मुलींना ऐकवलं असेल!

माझ्या प्रशिक्षणाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात दादाला मुलगी झाली. चिमी. सुमन सिस्टरने तिच्या डाव्या दंडावर क्षयाची लस टोचली. ही लस इतरांसारखी नसते. टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी बारीक फोड येतो, फुटतो, थोडं पाणी वाहतं, खपली धरते आणि शेवटी एक गोल खड्डा राहतो. तिथे काही म्हणजे काही लावायचं नसतं. मी रजेवर आले तेव्हा फोड नुकताच आला होता. आईने चिमीचा दंड माझ्यासमोर धरला.

"आगो, ह्यो बघ. पिकलाय वाटतां."

"पिकला नाही आई, तो यायलाच हवा. आला म्हणजे लस लागली. त्याला हात लावू नको."

"आनि मंग?"

"मग सुकतो. खड्डा पडतो. माझ्या दंडावर आहे ना, तसा."

"तुझा तेवढासा हाय. हिचा मोठा दिसतोय." आई फोडाकडे बघत राहिली, मूर्तीकडे बघायची तशी, मान जरा तिरकी करून. "पोरीची जात हाय. दंडावर खड्डा ऱ्हायला तर उद्या कोन बघंल तिला?"

वहिनी, म्हणजे चिमीची आई, चुलीपाशी वालाचं बिरडं परतत होती. ती हसून म्हणाली, "आत्या नर्स व्हनार हाय तिची. आत्याच बघंल." आईही हसली, "व्हय गो व्हय, नाय लावत काय," म्हणाली, आणि मी निर्धास्त रोह्याला परतले.

पुढच्या खेपेला एस.टी.तून उतरून गल्लीत शिरले तर खर्र खर्र बंद. गणपतीचा हंगाम भरात आलेला, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि आवाज बंद. चिमी तापाने फणफणली होती. दंड कोपरापर्यंत लाल, टरटरून सुजलेला, आणि फोडाच्या जागी पू. शेजारची गोदाकाकी, जिची रंगकामाची शेड गल्लीतच होती, दारातच उभी होती. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

"सुई उकळलीच नसंल! सरकारी काम. आज हिचा हात, उद्या माज्या नातवाचा पाय."

"मी सरपंचाकडं जातो," दादा म्हणाला. "त्या नर्सबाईला हितून हलवली पायजे."

"आधी दवाखान्यात चला," मी ओरडले. वहिनीने चिमीला उचललं. आई मागून आली, पदराला हात पुसत. तिने वाटेत एकदाही चिमीकडे हात केला नाही, हे मला तेव्हाच खटकलं. टेम्पोत मी चिमीला मांडीवर घेतलं, दंडाखाली मऊ फडकं सरकवायला हात जरा वर केला, आणि काखेच्या वळीत मला एक बारीक राखाडी रेघ दिसली. सुकून भेगाळलेली. हा रंग मी जन्मापासून बघत होते. कोणीतरी दंड पुसून स्वच्छ केला होता, पण वळीतलं राहिलं होतं.

मी आईकडे बघितलं. ती टेम्पोच्या मागच्या फळीवरून रस्त्याकडे बघत होती.

पेणच्या सरकारी दवाखान्यात तपासायला एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी दंड दाबून पाहिला, काख चाचपली, आणि विचारलं, "जखमेवर काय लावलंत?"

"काय नाय," दादा म्हणाला. "नर्सबाईनं टोचलं, तेवढंच."

"हळद? शेण? माती? रागावणार नाही मी. पण मला कळायला हवं. मातीतून धनुर्वात होऊ शकतो. त्याचे उपचार वेगळे, आणि आत्ताच करावे लागतात."

वहिनी म्हणाली, "नाय ओ बाई, खरंच काय नाय." तिला खरोखरच माहीत नव्हतं. बाबा कारखान्यातच राहिले होते. आई भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा अंगठा तिच्याच तळहातावर गोल गोल फिरत होता, खळगा बुजवताना फिरतो तसा. डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  मला वाटत होतं की आईने बोलावं, आत्ता, या क्षणी, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. चिमी कण्हत होती. रडण्याइतकीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

"शाडू लावलाय," मी म्हणाले. "आईने."

 डॉक्टरबाईंनी मान हलवली, बाळाला धनुर्वातावरची त्रिगुणी लस मिळाली आहे का आणि बाळंतपणाआधी वहिनीने धनुर्वाताची सुई घेतली होती का ते विचारलं, आणि कामाला लागल्या. जखम उघडून धुतली. पाण्याबरोबर बारीक राखाडी कण वाहत भांड्यात गेले. दादा ते बघत होता. वहिनीने बघितलं आणि तोंडावर पदर धरला. मग ती हळूच आईपासून दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली. मला आईचा चेहरा आजही आठवतो. तिला लाज वाटत होती की राग आला होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

चिमीला तिथे ठेवून घेतलं. ताप उतरल्यावर वहिनी तिला घेऊन सरळ धाटावला, माहेरी गेली. दादा पोचवायला गेला तेव्हा आईने पिशवीत पापडांची चवड ठेवली होती, ती वहिनीने काढून दवाखान्याच्या बाकावर ठेवली. मी रोह्यालाच असल्यामुळे रोज प्रशिक्षण सुटलं की चालत धाटावला जाऊन मलमपट्टी करायचे. उकळून गार केलेलं पाणी, स्वच्छ कापूस, आधी साबणाने हात. वहिनीचा भाऊ कंपनीतून शिफ्ट करून आलेला असायचा, खाटेवरून म्हणायचा, "आज पन माती आनली का गो हमरापूरहून?" मी ऐकून घ्यायचे. वहिनी त्याला दटावायची, पण आईचं नाव काढायची नाही. जखम आतून भरत येत होती, आणि मला मात्र रात्री खाटेवर पडवत नसे. शनिवारी घरी जावं तर आई माझ्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, भाकरी टाकायची, पाणी ठेवायची, आणि वळून शेडमध्ये जायची. खर्र खर्र. ती आता जास्त जोरात घासायची. बाबा एकदा म्हणाले, "एका जाग्याला एवढं घासू नको, मूर्तीचं नाक जाईल." तिने ऐकलं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे गावाला खरं कळलंच नव्हतं. डॉक्टरबाईंपुढे बोललेलं आमच्या उंबऱ्याआत राहिलं; मी फक्त सुमन सिस्टरला सांगितलं होतं. दादा सरपंचाकडे गेला नाही, पण गोदाकाकीचं तोंड कोण धरणार? लसीच्या दिवशी सुमन सिस्टर शाळेच्या पडवीत बसली आणि एकही बाई आली नाही. मी त्या दिवशी मदतीला गेले होते. थंड पेटीतला बर्फ हळूहळू पाणी होत होता. तिने माश्या हाकलल्या, कुकरचं झाकण पुसलं, परत पुसलं.

"सिस्टर, मी सांगू का सगळ्यांना?" मी विचारलं.

"काय सांगशील?"

"की सुई बरोबर होती. आईनं..."

"डॉक्टरांना सांगितलंस ते बाळासाठी. ते करायलाच हवं होतं," ती म्हणाली. "हे माझ्यासाठी होईल. माझ्यासाठी तू आईला चव्हाट्यावर आणू नको. बदली झाली तर होईल."

"पण मुलं येत नाहीयेत."

तिने थंड पेटीचं झाकण लावलं. गावात गोवर दरवर्षी यायचा, आणि त्या वर्षीही येणार हे आम्हाला दोघींना माहीत होतं. घरी जाऊन मी बाबांना म्हटलं, गावाला सांगायला हवं. बाबा आखणी करत होते. त्यांचा ब्रश थांबला. "तुजी आई ती," एवढंच म्हणाले आणि पुन्हा डोळ्यावर वाकले. आई पलीकडे बसली होती. तिने सगळं ऐकलं असणार.

आता मी पेणला रामवाडीत राहते, निवृत्त आहे. परवा नातवाला लस द्यायला एक तरुण नर्स आली होती. तिच्याकडची सिरिंज एकदा वापरली की आपोआप अडकते, पुन्हा भरताच येत नाही. मी ती हातात घेऊन उगाच ओढून बघितली आणि ती मुलगी हसली. उकळायचं, वाफवायचं, मोजून ठेवायचं सगळं गेलं. संशय मात्र गेला नाही. तो आता मोबाईलवरून येतो. तिने मला विचारलं, "काकू, लोक ऐकत नाहीत तेव्हा तुम्ही काय करायचात?" मी तिला हेच सांगायला सुरुवात केली होती, पण तिला पुढच्या घरी जायचं होतं. म्हणून लिहायला बसले.

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर वहिनी परत आली. चिमीचा दंड बरा झाला होता. खड्डा मोठा राहिला, वेडावाकडा, पावलीएवढा. (चिमी आता स्वतः दोन मुलांची आई आहे, बिनबाह्यांचे कपडे घालते, आणि तिच्या लग्नात त्या खड्ड्याचा विषयसुद्धा निघाला नाही.) तिचा त्रिगुणीचा डोस राहिला होता, आणि दुसऱ्याच दिवशी लसीचा दिवस होता. माझी रजा होती. मी शाळेच्या पडवीत सुमन सिस्टरपाशी बसले होते. पडवी रिकामी. समोरची गल्ली रंगाच्या वासाने भरलेली, प्रत्येक शेडमध्ये बायका घाईत.

आमच्या शेडचं दार मला तिथून दिसत होतं. आई बाहेर आली, कोपरापर्यंत शाडूने माखलेली. ती नळावर गेली. साबणाने हात धुतले, मनगटापासून कोपरापर्यंत, मग नखं, एकेक, काडीने. मी धाटावला पट्टीआधी धुवायचे तसे. हे तिने कुठे पाहिलं होतं? कदाचित दवाखान्यात. मग ती दारात उभ्या असलेल्या वहिनीपुढे गेली आणि ओले हात पुढे केले.

"दे मला तिला."

वहिनी हलली नाही. मी पडवीतून उठून उभी राहिले होते. गल्लीतली कोणीतरी घासायची थांबली. मग वहिनीने चिमीला आईच्या हातात दिलं आणि तिच्या मागोमाग चालू लागली.

आई सरळ शाळेकडे आली नाही. आधी गोदाकाकीच्या शेडसमोर थांबली आणि चिमीची बाही वर केली.

"बघ गो गोदे."

"बघितलाय. सुईनंच तर..."

"सुईनं नाय. म्या केलांय." आईचा आवाज चढला नव्हता, पण गल्ली ऐकत होती. "शैलीनं सांगितलां व्हतां, हात लावू नको. म्या शाडू भरला. मूर्तीचा खड्डा भरते तसा. पोर मरता मरता वाचली."

गोदाकाकीच्या हातातला गुलाबी रंगाचा ब्रश तसाच राहिला, रंग तिच्या पायावर टपकला. "आगो, मंग तू इतके दिस गप का?"

"तू बोलत व्हतीस ना! मला कुठं जागा ऱ्हायली?"

कोणीतरी फिसकन हसलं. गोदाकाकीसुद्धा हसली, मग लगेच डोळे पुसले. आई पुढच्या शेडकडे वळली. तिथेही बाही वर केली, तेच सांगितलं. मग पुढच्या. शाळेपर्यंत ती प्रत्येक दारात थांबली. मला पळत जाऊन तिला थांबवावंसं वाटत होतं, पण मी पडवीतच उभी राहिले. ती पडवीच्या पायऱ्या चढली तेव्हा मागे वहिनी होती, आणि तिच्या मागे गोदाकाकी, कडेवर नातू, अजून पायावर गुलाबी रंग.

सुमन सिस्टरने कुकरचं झाकण उघडलं. चिमट्याने सुई उचलली, सिरिंजला लावली, लस भरली. "बाळाला ताप-बिप नाही ना?" तिने विचारलं. कोणालाही विचारायची तसंच. "मागच्या वेळी त्रास?"

"सुईचा नाय," आई म्हणाली. ती बाकावर बसली, चिमीला आडवं घेतलं, मांडी उघडी केली. मी बाजूला उभी होते, हात लोंबकळत. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच आईने माझ्याकडे बघितलं.

"बघत काय ऱ्हायलीस शैले? पाय धर तिचा. हलवंल ती."

मी खाली बसले आणि पाय धरला.